बापानं हापिसात धार पाडली

"पूस. तूच पूस. शिपायाला सांगणार नाही मी."

हे बोलताना साहेबाचा आवाजही चढला नव्हता. धुळ्याच्या हापिसातली फरशी, तिच्यावर थोडंसं पाणी, आणि पाण्याशेजारी उकिडवा बसलेला माझा बाप. बापानं डोक्याचा रुमाल सोडला. फरशी पुसली. जिथं पाणी गेलंच नव्हतं तिथंही पुसली. मी दाराशी उभी होते. बारावी पास. हातात डी.एड.च्या प्रवेशाचं पत्र. मी जागची हलले नाही.

मला राखीव जागा मिळाली होती. तिला जमातीचा दाखला हवा. दाखल्याला पुरावा हवा, की आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या याच राज्यातलं आहे. आमचं गाव साक्रीच्या पार पश्चिमेला, डोंगरात. पुढं लगेच गुजरात. दिवाळी झाली की बाप ऊसतोडीला तिकडं जायचा आणि होळीला परतायचा. साहेबानं तेवढंच धरलं.

"म्हणजे तुम्ही तिकडचे. दाखला मागायला इकडं आलात."

"नही साहेब," बाप म्हणाला. "आम्ही आठलाच शेतस. मना बापना बाप बी आठलाच."

"कशावरून? नावं सांग बघू. किती पिढ्या सांगता येतात?"

कागद आमच्याकडं नव्हता. बाप शाळेत गेलेला नाही, आजाही नाही. कसतो ती जमीन जंगलखात्याची म्हणतात, म्हणून सातबाऱ्यावरही आम्ही नाही. नावं मात्र होती. आम्ही भिल्ल. आमच्या घरात पूर्वजांची नावं येता-जाता घेत नाहीत. नवं धान्य तोंडात घालायच्या आधी घेतात, लग्नात घेतात. घरातला कर्ता पुरुष मोहाच्या दारूची धार जमिनीवर पाडतो. एका नावाला एक धार. ज्याला हाक मारली त्याला काहीतरी प्यायला द्यायचं, नाहीतर तो तहानलेला दारात उभा राहतो असं मानतात. दारू नसली तर पाणी चालतं.

साहेबाच्या टेबलावर पाण्याचा गिलास होता. बापानं विचारलंसुद्धा नाही. साहेबानं नावं मागितली, म्हणजे साहेबाला रीत ठाऊक असणार, असं त्याला वाटलं. गिलास उचलला, खाली बसला, "उखा" म्हणाला आणि थोडं पाणी सोडलं. "पोसल्या." परत पाणी. "जात्र्या." तिथं कारकून हसायला लागले.

"सकाळीच टाकून आलाय का हा?" साहेब म्हणाला.

पुढचं नाव बापाच्या तोंडातच राहिलं. मग ते पुसणं.

मला राग आला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. आला नाही. रडूही आलं नाही. भिंतीवर पोलिओच्या डोसाची पाटी होती, ती मी वाचत होते. सगळी वाचली, मग परत पहिल्यापासून वाचली. येताना यष्टीत बापानं ओला रुमाल खिडकीच्या गजाला बांधला. वाटेवरचं नेर येईपर्यंत तो वाळला. बापानं तो परत डोक्याला गुंडाळला. पोटात सकाळपासून काही नव्हतं, तरी भूक लागली नव्हती.

आम्ही निघताना साहेबानं एक वाट दाखवली होती. एखाद्या प्रतिष्ठित माणसाचं पत्र आणा, हे घर इथलंच आहे असं. बापाच्या ओळखीत प्रतिष्ठित माणूस एकच, साक्रीच्या बाजारातला शेठ. मीठ, कपडा, कंदिलाची काच, सगळं आम्ही त्याच्याकडून घ्यायचो. त्याचे आजोबा मारवाडातून आलेले. हे तो स्वतःच कौतुकानं सांगायचा, आणि कौतुक करण्यासारखंच होतं ते. त्यात त्याचा काही दोष नाही. फक्त त्याला कोणी पिढ्या विचारल्या नव्हत्या, आणि आमच्या पिढ्यांची साक्ष त्यानं द्यायची होती.

"लिहून देतो ना," शेठ म्हणाला. "पण आधी ते करून दाखव. धुळ्याला केलंस ते."

हापिसातला एक कारकून साक्रीहून रोज जाऊन-येऊन करायचा. आमची गोष्ट आमच्याआधी बाजारात पोचली होती. दुकानात गिऱ्हाईकं होती, ती सरकून जवळ आली. शेठनं पाण्याचा गिलास मागवला. हसत मागवला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, आणि तेच जास्त वाईट होतं.

बापानं गिलास घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. खाली बसायला गुडघे वाकवले.

तेव्हा माझा हात पुढं गेला आणि मी बापाचं मनगट धरलं. ठरवून नाही. हात माझा होता एवढंच कळलं.

"बा, ठेव तो."

"अगं पोरी, गंमत आहे," शेठ म्हणाला.

"आम्हाला पत्र नको."

"मग मास्तरीण कशी होशील?"

बापाच्या हातातला गिलास काढून मी गल्ल्याशेजारी ठेवला आणि बापाला बाहेर आणलं.

रस्त्यावर बाप माझ्यावर खेकसला. "तू काबर बोलनी? गिलासभर पानी व्हतं. सांडी देतु मी. तुन्हं काम व्हई जातं."

खरं होतं. काम झालंच असतं. माझ्यासाठी तो दुकानात, गिऱ्हाइकांपुढं, आपल्या बापाआज्याला बोलवायला तयार होता. त्या वेळी मला त्याची कीव आली आणि शरम वाटली. शेठची नाही, साहेबाची नाही. माझी. हापिसात मी पाटी वाचत उभी होते त्याची.

प्रवेशाच्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी एकटी धुळ्याला गेले. साहेबासमोर उभी राहिले आणि नावं घेतली. कोरडी. आमच्या घरात हे बाईचं काम नाही, आणि असं कोरडं तर कोणीच करत नाही. भीती वाटली, तरी उखापासून सुक्र्यापर्यंत एकही गाळलं नाही. साहेबानं पेन उचललं नाही.

"नावं कोणीही सांगेल. पुरावा काय?"

"साहेब, तुमच्या किती पिढ्या?"

"काय?"

"या राज्यात. तुमच्या किती?"

"माझा काय संबंध? माझं आडनाव ऐकलं तरी कळतं."

मग त्यानं घंटी वाजवली. शिपाई दंडाला धरून मला व्हरांड्यात सोडून आला.

जागा गेली. दिवाळीनंतर मी बापाबरोबर गुजरातेत ऊस तोडायला गेले. तिथं मुकादमानं पिढ्या विचारल्या नाहीत. कोयता दिला. पाचटानं हात चिरले, मोळ्या वाहून मान आखडली, आणि बापाला वाटलं पोर ताळ्यावर आली. मला तेव्हा कशाचंच काही वाटत नव्हतं, पण डोकं साफ झालं होतं.

जूनमध्ये परत अर्ज केला. परत त्याच टेबलापुढं गेले. साहेब बदलला होता. प्रश्न तोच. किती पिढ्या, कशावरून, कोणाची चिठ्ठी आहे का.

चिठ्ठी नाही, मी म्हणाले. आणणारही नाही. या जूनला नाही, पुढच्याही नाही. माझा बाप या हापिसात परत येणार नाही. जे काय विचारायचं ते मला विचारा, आणि मला विचारायच्या आधी या खोलीत खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला विचारा. मी इथली आहे. नसेन, तर ते तुम्ही सिद्ध करा.