मास्तरांचा अर्धा कान

दत्तोबाला जाऊन सव्वा महिना झाला. तो गेला त्या सकाळी त्याचा थोरला मुलगा, शंकर, दारात येऊन म्हणाला, "काका, दादा गेलं." मी म्हणालो, "बस, चहा घे." हे मला नंतर बायकोनं सांगितलं. मला आठवत नाही. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही नाही…

दत्तोबा मातीत अर्धपुतळे घडवायचा आणि मी त्यांचे साचे काढून ब्राँझमध्ये ओतायचो. वीस वर्षं एकमेकांच्या उरावर बसून काम केलं आम्ही. संस्थान होतं तोवर दरबारचं काम यायचं. विलीन झालं आणि गावोगाव पुतळ्यांच्या समित्या निघाल्या. समितीला देखणा माणूस लागतो. दत्तोबा अध्यक्षांच्या तोंडावर म्हणायचा, "मेलेल्या माणसाला आता कशाला गोरा करताय?" कामं हातची जायची. मी कपाळाला हात लावायचो, तो बिडी लावायचा.

शेवटचं काम शिरोळच्या एका मास्तरांचं. शाळेच्या घोळक्यातला एकच फोटो, नखाएवढं तोंड, कान तर दिसतच नव्हते. दत्तोबा म्हणाला, "कान घराण्यात उतरतोय," आणि मास्तरांच्या धाकट्या भावाचे कान बघायला थेट शिरोळला गेला! मास्तरीणबाई माती बघायला आल्या. पदर डोक्यावर घेऊन पुतळ्याभोवती फिरल्या, मग म्हणाल्या, "ह्ये गप बसल्यात. घरात असं कधी बसायचं न्हाईत." दत्तोबानं तयार झालेलं तोंड तिथल्या तिथं मोडलं आणि आठ दिवस नव्यानं बसला. उजवा कान झाला. डावा अर्धा झाला, आणि दत्तोबा गेला.

तेराव्याला शिरोळच्या समितीचे अध्यक्ष आले. "पावणं, अनावरणाचा कार्यक्रम ठरलाय. ऱ्हायलेला कान दुसऱ्याकडनं करून घ्या की." मी इतका भडकलो की शेजारचे बाहेर आले. दुसऱ्याचं बोट त्या मातीला लागू देणार नव्हतो. पण खरं सांगायचं तर मला साचाच काढायचा नव्हता. साचा काढला की आतली माती खरवडून काढावी लागते. दत्तोबाच्या अंगठ्याचे ठसे होते तिच्यावर. म्हणून मी रोज सकाळी दत्तोबाच्या कामाच्या खोलीत जायचो, माती तडकू नये म्हणून फडकी भिजवून गुंडाळायचो आणि घरी यायचो. अध्यक्षांना सांगायचो, प्लास्टर मिळेना. धडधडीत खोटं.

मग एक दिवस मास्तरीणबाई एकट्याच एस्टीनं आल्या. कानाचं नावही काढलं नाही त्यांनी. मातीवरच्या ओल्या फडक्यांना हात लावून म्हणाल्या, "माझं काय आता… पिकलं पान. तुम्ही असंच भिजवत बसला, तर मी कधी बघू?"

त्याच आठवड्यात प्लास्टर चढवलं. अर्धा कान अर्धाच ठेवला. समितीला काय म्हणायचं ते म्हणू दे. साचा उघडला आणि माती खरवडायला बसलो. मला वाटलं होतं, इतक्या दिवसांत ती घट्ट झाली असेल, ढेकळं निघतील, हाताला कळणारही नाही. पण लोण्यासारखी मऊ निघाली. मीच तर रोज भिजवत होतो.

गाल निघाला. मग तोंड निघालं, आठ दिवस खपून केलेलं. हात चालत होते.

आमच्यात माती टाकून देत नाहीत. ती दत्तोबाच्या हौदात घातली, वर ओलं पोतं टाकलं. अजून रोज जातो, पोत्यावर पाणी मारतो. शंकर विचारतो, "काका, आता कुणासाठी?" मी पाणी मारतो आणि घरी येतो.