नाथाजींचं तिसरं पेटंट

आष्ट्याच्या शिवारात नाथाजींना कुणी सुभेदार म्हणत नाही, पेटंटवाले म्हणतात. सैन्यात सिग्नलमध्ये हयात गेली आणि पेन्शनवर घरी आल्यावर स्वस्थ बसेल तर तो माणूस कसला! पहिलं पेटंट दूध उतू न जाऊ देणाऱ्या झाकणाचं. ते रीतसर नोंदलं गेलं, पण घरात बनुबाई अजूनही दुधापाशी उभीच राहते, कारण नवऱ्याच्या झाकणावर तिचा काडीचा भरवसा नाही. दुसरं पेटंट लागणीसाठी उसाच्या कांडीचा डोळा काढणाऱ्या यंत्राचं. ते मात्र नामी निघालं. शिरवळच्या एका कारखान्यानं ते बनवायला घेतलं आणि नाथाजींची मान ताठ झाली. तशी ती आधीही फारशी वाकत नव्हतीच.

तिसरं पेटंट भाऊबंदकीतून निघालं. मळ्यातली विहीर तिघांची. एक वाटा नाथाजींचा, दुसरा चुलतभाऊ जयराजचा, तिसरा भाऊसोचा, आणि भाऊसो पडला सैन्यात, सीमेवर. मोटर एक, पाळ्या तीन आणि भांडणं रोजची. एकानं पाणी लावलं की दुसऱ्यानं गुपचूप मोटर बंद करायची, तिसऱ्याच्या पाटाचं दार फोडायचं. याच पायी नाथाजी आणि जयराज कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मग नाथाजींनी एक पेटी बनवली. तिघांचे फोन आणि विहिरीवरची मोटर यांचं एक छोटं नेटवर्क. पाळी कुणाची ते पेटी ठरवणार. लाइट आली की जरा थांबून मोटर आपोआप सुरू होणार. आणि ती मधेच थांबवायची तर तिघांपैकी दोघांनी आपापल्या फोनवर गुप्त आकडा टाकायला हवा. एकट्याचं काही चालणार नाही, बनवणाऱ्याचंसुद्धा नाही.

पेटंट मिळालं तेव्हा गावानं देवळाच्या सभामंडपात दुपारचा सत्कार ठेवला. फेटा, शाल, हार, सगळं यथासांग. सगळी भावकी आली. जयराजही आला आणि खांबाला टेकून तोंड फिरवून बसला. नाथाजी भाषणाला उभे राहिले. "माणसावर इस्वास ठेवायची गरजच उरली न्हाई, आशी वस्तू केलीया मी," असं त्यांनी छातीवर हात मारून सांगितलं. टाळ्या पडल्या. त्याच वेळी खिशातला फोन थरथरला.

त्यांनी सहज पाहिलं. लाइट आली होती. पाळी जयराजची. मोटर थोड्याच वेळात सुरू होणार होती.

लाइट चार वाजता यायची होती, ती आज लवकर आली. आणि खाली विहिरीत, कातळाच्या टप्प्यावर बसवलेल्या मोटरपाशी हरिबा होता. हरिबा म्हणजे त्यांच्या मळ्यावरचा गडी, जत भागातल्या मेंढपाळांच्या घरातला. "लाइट यायच्या आत मोटर आन् पंपाच्या जोडातलं रबर बदलून टाक," असं सकाळी नाथाजींनीच त्याला सांगितलं होतं. त्याचे हात आता नेमके त्या जोडात असणार. मोटर फिरली की हात गेला, नाहीतर धोतराचा सोगा अडकून माणूसच गेला.

विहिरीवर पूर्वी मोटर बंद करायचा एक खटका होता. खाली उतरताना गडीमाणसं तो पाडून जायची. पण त्याच खटक्यानं जयराज दुसऱ्याची पाळी मोडतो म्हणून पेटी बसवताना नाथाजींनी तो उपटून टाकला होता.

हरिबाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. विहिरीत उतरताना तो सदरा काठावर काढून ठेवतो आणि फोन सदऱ्यात. नाथाजींनी स्वतःचा आकडा टाकला. फोनवर उमटलं, अजून एक संमती हवी. सीमेवरच्या भाऊसोचा फोन लागण्याचा प्रश्नच नव्हता.

माईक तसाच चालू ठेवून नाथाजी खाली उतरले आणि जयराजपुढं जाऊन उभे राहिले.

"जयराज, फोन काढ. मोटर थांबवायची हाय."

जयराजनं वर पाहिलं आणि हसला. "माझी पाळी आली तवाच बरी थांबवायची तुला!"

"आरं, हरिबा खाली हाय!"

"लाइट यायची आसताना कोण उतरंल खाली? गावासमोर मला येडा बनवतूस व्हय?"

"ह्या सालच्या माझ्या सगळ्या पाळ्या तुझ्या. फकस्त आकडा टाक."

हे बोलायला नको होतं. एवढं फुकट कोण देतो! जयराजनं फोन खिशात आणखी खोल ढकलला. दोष त्याला तरी कसा द्यावा? ज्या भावानं त्याच्यावर भरवसा नको म्हणून पेटी बनवली आणि हे आत्ताच माईकवरून सांगितलं, त्याच भावावर त्यानं का भरवसा ठेवावा? उभ्या आयुष्यात नाथाजी कुणाच्या पाया पडले नव्हते. ते भर सभेत वाकले, फेटा गळून पडला.

बायकांमधून हरिबाची बायको सुलाबाई उठली. मघापासून ती बनुबाईशेजारी बसून हसत होती. ती धडपडत पुढं आली.

"आवं दादा, खरं हाय. मी हितं यायच्या आधी भाकरी दिऊन आलीया. खालीच हायती त्ये."

जयराजचा चेहरा उतरला. त्यानं फोन काढला. आकडा चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. "पूजा! पूजा, आकडा काय गं आपला?" तो लेकीच्या नावानं ओरडला. पोरीनं गर्दीतूनच मोठ्यानं आकडा सांगितला, सगळ्या गावानं तो ऐकला. जयराजनं तो दाबला. मोटर थांबवली, असं उमटलं. पण सुरू होण्याआधी थांबली की नंतर, हे कळायला मार्ग नव्हता.

जयराजच्या मोटरसायकलवर मागं नाथाजी बसले, गळ्यातल्या हारासकट. नाथाजींनी त्याचा खांदा घट्ट धरून ठेवला होता.

काठावर सदरा पडला होता. "हरिबा!" नाथाजी वाकून ओरडले. उत्तर आलं नाही. "हरिबा रं!" जयराज तर चपला टाकून पायऱ्या उतरायलाच लागला.

हरिबा टप्प्यावर भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताला त्यानं फेट्याची चिंधी गुंडाळली होती आणि ती लाल झाली होती. "येकच गिरकी घेतली बगा तिनं," तो कण्हत म्हणाला. "आन् आपसूक थांबली. देवच धावला."

जयराजनं त्याला पाठुंगळी घेऊन वर आणलं. एक बोट गेलं, हात वाचला. दवाखान्यात सुलाबाईपुढं नाथाजी ढसाढसा रडले. तिनं त्यांना गप्प केलं नाही, रडू दिलं.

आता विहिरीच्या काठावर आणि खाली टप्प्यावर एकेक मोठं तांबडं बटण आहे. कुणीही दाबावं, मोटर बंद. नाथाजींनी तेही पेटंटचं काम बघणाऱ्या पुण्याच्या वकिलाला फोनवर सवयीनं सांगून टाकलं.

वकील हसला. "सुभेदारसाहेब, याचं पेटंट नाही मिळायचं. यात नवीन काय आहे? हे तर सगळ्यांनाच माहीत आहे."

"व्हय," नाथाजी म्हणाले. "सगळ्यास्नी म्हाईत हुतं. मलाच न्हवतं."