टाचणीने बुडवलेली ओळ

आमची वहिनी बालवर्गाला विज्ञान शिकवते, आणि तेही गाऊन. गळा बेताचा, हौस मात्र दांडगी. भांडी घासतानाही तिचं ओळी जुळवणं चालूच. दादा कानात बोळे घालून मोकळा झाला. मी पडले तिच्याच शाळेच्या ऑफिसात कामाला, म्हणजे माझी घरीदारी सुटका नाही.

नव्या मुख्याध्यापक बाईंना हा प्रकार पसंत नव्हता. "ही नुसती पोपटपंची आहे. शुक्रवारी वर्गात येऊन बसते. मुलांना काही कळलंय असं दिसलं नाही, तर गाणी बंद." वहिनीच्या तोंडचं पाणीच पळालं. गाण्याशिवाय तिला शिकवता आलं नसतं, आणि ते मला बघवलं नसतं.

शुक्रवारी बाई फळ्याजवळ खुर्ची टाकून बसल्या आणि मीही दारात उभी राहिले. वहिनीने डब्यावर चमच्याने ठेका धरला आणि मुलं जीव तोडून गायला लागली.

"हलकं हलकं तरंगतं, जड जड बुडतं!"

पहिल्या बाकावरची चिमणी, सुताराची मुलगी, ओठ घट्ट मिटून बसलेली.

"येत नाही का गं?" बाईंनी विचारलं.

"येतं. पण खोटंय ते. टाचणी हलकी असते, तरी बुडते. आणि बाबांचा ओंडका मला हलतपण नाही, तो तळ्यात तरंगतो."

चालीत बसावी म्हणून वहिनीने ती ओळ ठोकून दिली होती. आता सारवासारव करणार, असं मला वाटलं. पण ती बाहेर गेली आणि पाण्याने भरलेला टब ओढत घेऊन आली. टाचणी टाकली, बुडाली. मग तिची नजर बाईंच्या पायाखालच्या लाकडी स्टुलावर गेली.

"बाई, जरा पाय उचलता?"

स्टूल दिमाखात तरंगलं. वर्गाने एकच गिल्ला केला.

"चिमणे, चुकलंच गं माझं. मग आता काय म्हणायचं?"

चिमणी विचारात पडली. "बुडेल का? तरंगेल का? टाकून बघू!"

वहिनीने ठेका धरून पाहिला. शेवटी ओळ तोकडी पडत होती.

"'टाकून बघू' दोनदा घ्या," मागून आवाज आला. बाईंचा!

बसली की ओळ! मला तर रडूच फुटलं.

निघताना बाई दारात थांबल्या. "पुढच्या शुक्रवारी येते. आणखी कुठली ओळ खोटी आहे, ते मुलांना शोधू द्या. आणि माझं स्टूल वाळवून पाठवा."