फांदीचे दुसरे टोक

सिद्रामप्पा बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट शाळेच्या फाटकात झाली. मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू होण्यासाठी सोलापुरात नुकताच उतरलो होतो. विजेच्या तारांखाली तोडलेली कडुनिंबाची मोठी फांदी सर रस्त्यावरून ओढत होते. त्यांनी मला पाहिले आणि म्हणाले, "जरा हे टोक धरा." फांदी आत आल्यावर त्यांनी माझे नाव विचारले.

सर विज्ञान शिकवत. शाळेमागची मुरमाड जागा त्यांनी बागेसाठी मागून घेतली होती. फांद्या बारीक करण्यासाठी मंद्रूप गावच्या आपल्या शेतावरून कडबा कापायचे हातयंत्र आणले होते. ते तुकडे मातीवर अंथरले की ओल टिकते आणि कुजले की मातीच सुधारते, असे त्यांचे म्हणणे.

अडचण गौराबाईंची होती. त्या शाळेच्या शिपाई. तोडलेल्या फांद्यांवर पहिला हक्क चुलीचा, हा आपल्याकडचा रिवाज.

"सर, जळान मातीत घालताव व्हय? मग चुलीत काय माती घालू?"

"जाड ते तुमचं, बारीक ते माझं. पाला तुमच्या शेळीला."

"आन् शेळीनं बारीक बी खाल्लं तर?"

"तर तुमच्या शेळीला बागेत पुरीन."

गौराबाई लई हसल्या. वाटणी मात्र तीच ठरली आणि कधी मोडली नाही.

सरांचा सच्चेपणा मी पहिल्याच वर्षी पाहिला. त्यांनी तुकडे वर न अंथरता मातीत मिसळले. वांग्याची रोपे पिवळी पडली. सरांनी सगळा वर्ग वाफ्यापाशी नेला. "ताजं लाकूड मातीत कुजताना रोपाच्या वाटचं नत्र खातं. हे मला माहीत असायला हवं होतं. चूक माझी आहे, लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला नाही. जिल्हाभर दुष्काळी मदतीची खडी फोडण्याची कामे सुरू झाली. मुख्याध्यापकांनी सांगितले, "बिराजदार, टाकीचं पाणी मुलांना प्यायला. बागेला थेंबही नाही. उन्हाळ्यानंतर झाडं जिवंत दिसली तर जागा तुमची. नाहीतर तिथे सायकल स्टँड."

बागेत तेव्हा डाळिंब, सीताफळ, शेवगा अशी गुडघ्याएवढी रोपे होती. सरांनी तुकड्यांचा वीतभर जाड थर दिला, खोडाभोवती बोटभर जागा मोकळी ठेवून. हात धुतलेले पाणी मुले बादलीत साठवत, तेवढेच झाडांना मिळे. सर रोज यंत्राचे चाक फिरवत. वैतागले की कन्नडमध्ये काहीतरी बोलत. आम्हाला ते कळत नसे. गौराबाईंना कळे, त्या पदर तोंडाला लावत.

शाळा पुन्हा उघडायच्या आधी मुख्याध्यापक पाहणीला आले. पाने मलूल होती, खाली वाळका थर. "हा तर कचरा आहे," ते म्हणाले.

"हात घाला, सर."

"कुठे?"

"खाली. मातीपर्यंत."

मुलांनी 'आहे'ऐवजी 'हाय' म्हटले तरी त्यांना वर्गात उभे करणारे आमचे मुख्याध्यापक खाली बसले. बाही सारून त्यांनी थराखाली हात घातला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

"गार हाय की!" ते म्हणाले.

सायकल स्टँड फाटकाजवळ झाला.

सरांच्या लोभाची रीतही वेगळीच. मी भाड्याचे घर घेतले, तेव्हा शाळेतली मंडळी पेढे घेऊन आली. सर तुकड्यांचे पोते घेऊन आले. अंगणातल्या सुकत चाललेल्या पारिजातकाभोवती त्यांनी ते रिकामे केले, हात झटकले आणि मग चहा मागितला. तो पारिजातक आज माझ्या खिडकीहून उंच आहे.

सर आता निवृत्त आहेत. साठ वर्षे पूर्ण झाली, तरी रोज सकाळी बागेत येतात. मुरूम होता तिथे आता काळी, भुसभुशीत माती आहे. यंदा शेवगा छाटायला आला. म्हणजे थरासाठी आता बागेचीच फांदी मिळेल. गौराबाईंनी जाड फांद्यांवर आधीच हात ठेवून पाहिला आहे.

सरांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो. त्या यंत्राचे चाक त्यांच्या हातून अजून पुष्कळ वर्षे फिरो. आणि फांदी जड वाटेल त्या दिवशी त्यांनी फाटकाकडे पाहून हाक मारावी. दुसरे टोक धरायला आम्ही आहोत.