नाडी मोजणारी मावशी

आमच्या मावशीनं ज्याचं मनगट धरलेलं नाही असा माणूस बीड जिल्ह्यात सापडलाच, तर तो एकतर अजून जन्मला नसेल किंवा तिला समोरून येताना पाहून गल्ली बदलून गेला असेल. ती साखर कारखान्याच्या ट्रस्टनं काढलेल्या नर्सिंग कॉलेजात शिकवायची. डाव्या हाताला मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ आणि उजव्या हातात कुणाचं ना कुणाचं मनगट. एसटीत तिकीट घेताना ती कंडक्टरची नाडी बघायची. "मागच्या थांब्यावर भांडलात ना? लई पळतीय." माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले, तर चहाच्या आधी तिनं सगळ्यांची मनगटं धरली आणि आत येऊन म्हणाली, "पोरगा शांत हाय, बाप खोटं बोलतोय." महिन्याभरानं कळलं, बापानं सांगितलेल्या बारमाही विहिरीत तीन वर्षं थेंब नव्हता.

वर्गात तिचा एकच कायदा होता. मोजल्याशिवाय लिहायचं नाही. घड्याळाकडे न बघता एखादीनं पेशंटच्या तक्त्यावर 'नॉर्मल' लिहिलं, की तिला अख्ख्या वॉर्डाची नाडी पुन्हा मोजावी लागे, बाहेर बांधलेल्या बकरीसकट. बकरीची नाडी मांडीच्या आतून बघतात, हे आमच्या भागातल्या नर्सेसना इतकं पक्कं कसं ठाऊक, याचं मोठ्या डॉक्टरांना नवल वाटायचं.

एका दुष्काळात कॉलेजचा बोअर माघातच आटला. ट्रस्टनं नोटीस काढली : पाऊस पडेपर्यंत होस्टेल बंद, मुलींनी घरी जावं. कागदावर किती साधं वाक्य! पण निम्म्या मुली शिरूर कासारकडच्या ऊसतोड घरांतल्या. दिवाळीनंतर आईबाप कोयते घेऊन गेलेले, घराला कुलूप. त्यांचं घरी जाणं म्हणजे उसाच्या फडावर जाणं, आणि फडावर गेलेली मुलगी परीक्षेला परतत नाही, हे कारखाना चालवणाऱ्यांना कुणी वेगळं सांगायला नको होतं. मी वाढले ती वडिलांच्या कामगार संघटनेची पत्रकं वाचत. त्याच दिवशी एक जळजळीत पत्रक लिहून मी मावशीकडे नेलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला.

"उद्गारचिन्हं नऊ हायत. मोजलेलं कायबी न्हाई."

तिनं ठरवलं, मुलींवर किती ताण आहे तो मोजायचा आणि कारखान्याच्या चेअरमनपुढे ठेवायचा. कुठल्याशा मोठ्या शहरातून ताण मोजायची प्रश्नावली मागवली. गर्दीच्या लिफ्टमध्ये घुसमटतं का, असा एक प्रश्न होता. मावशीनं लिफ्ट खोडून काळी-पिवळी जीप लिहिलं. बागेत फिरून मन हलकं होतं का, या प्रश्नापाशी ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि बाग पुसून नुसतंच 'फिरून' ठेवलं. प्रत्येक प्रश्नापुढे तीन चौकोन : नेहमी, कधीकधी, कधीच नाही. बत्तीस मुलींनी पंधरा मिनिटांत कागद परत दिले. सगळ्यांच्या सगळ्या खुणा 'कधीच नाही'वर.

चेअरमन खूश. "बाई, तुमच्या पोरी माझ्यापरीस मजेत हायत की! जाऊ द्या घरी निवांत."

मावशीनं मुलींना समोर बसवलं आणि असं का लिहिलं ते विचारलं. शिरूरची एक काटक मुलगी उठली.

"मॅडम, ताण हाय म्हणलं की वीक हाय म्हणून तिलाच आधी घरी धाडतेल, असं वाटलं. मग आमी समद्यांनी ठरवून लिवलं."

मावशी रागावली नाही. तिला भलतंच कुतूहल वाटलं. तीस वर्षं मनगटं धरणाऱ्या आपण कागदाच्या नादी लागलोच कसे, असं स्वतःशी पुटपुटत तिनं दुसऱ्या दिवशी चेअरमनना वर्गात बोलावलं. मुली दोघी-दोघी बसल्या, एकीनं दुसरीचं मनगट धरलं. आधी शांतपणे मोजून लिहिलं. मग मावशीनं क्लार्कला नोटीस मोठ्यानं वाचायला लावली आणि म्हणाली, "आता परत मोजा." हजेरीसारखे आकडे आले. शिरूरच्या मुलीचा पहिला आकडा चौऱ्याहत्तर होता, दुसरा एकशे बारा.

"आसली नोटीस ऐकून कुणाचीबी वाढंल," चेअरमन म्हणाले.

"मग तुमची बघू," मावशी म्हणाली आणि त्या शिरूरच्या मुलीलाच पुढे केलं.

तिनं मनगट धरलं. तिच्या तर्जनीवर कोयत्याचा जुना पांढरा वण होता. चेअरमन त्याच्याकडे बघत हळूच म्हणाले, "ऊसतोडीला कुठल्या टोळीत होतीस गं?"

"बोलू नका आण्णा, मोजतीय."

पूर्ण एक मिनिट त्या माणसाला गप्प बसवणं आमच्या मोर्च्यांना कधी जमलं नव्हतं.

"अठ्ठ्याण्णव. तुमालाबी ताण हाय."

आण्णा हसले, मग हसायचे थांबले. उठताना क्लार्कला म्हणाले, "कारखान्याचा एक टँकर इकडं लावा. दिवसाआड." नोटीस त्यांनी स्वतःच घडी करून खिशात घातली. मुली अर्ध्या बादलीत अंघोळ करत राहिल्या, पण राहिल्या. परीक्षेला बत्तीसच्या बत्तीस बसल्या.

मावशी आता निवृत्त आहे आणि अंथरुणावर आहे. परवा ती शिरूरची मुलगी भेटायला आली. सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे ती. आल्या आल्या तिनं मावशीचं मनगट धरलं आणि बराच वेळ तशीच बसली.

"किती गं?" मावशीनं विचारलं.

"नॉर्मल हाय, मॅडम."

तिच्या हातात बांगड्या होत्या, घड्याळ नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ तिच्या पाठीमागे होतं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. आता बकरीसकट सगळा वॉर्ड मोजायला लावणार, असं मला वाटलं.

"लिही मग तसंच," मावशी म्हणाली, आणि मनगट तिच्याच हातात राहू दिलं.