अतीत कोन?

आमच्या आर्वीकडच्या गावात बैलपोयाच्या सांजेले बाया पिठोरी पूजत. माय देवाकडं तोंड करून बसे, खीरपुरीचं ताट डोक्यावरून मांगं धरे अन् इचारे, "अतीत कोन?" अतीत म्हंजे पाहुणा. मांगं उभ्या पोरानं "मी आहो" म्हणायचं अन् ताट घ्यायचं. वर्षातून तेवढाच मायचा मान.

हे काम माह्या लहान भावाचं होतं. त्या साली तो हगवणीनं गेला, पोयाच्या महिनाभर आंधी. बाप सालदार, मालकाच्या बैलाईपाशीच राहे. घरात माय अन् मी, दहा-अकरा वर्षाची.

मले वाटलं, यंदा माय पूजा करत नाई. पण तिनं केली. मी मांगं जाऊन उभी राह्यली, तं भितीपलीकडच्या मोठ्या काकीनं दंड धरला. "पोट्ट्याचं काम आहे ते. तोंड उघडशीन तं पाहजो!"

मायनं इचारलं, "अतीत कोन?"

कोनी बोललं नाई.

तिनं आखीन इचारलं. तिसऱ्या खेपेले खीर तिच्या केसात सांडली. माह्या तोंडात शब्द आलता, मी गियला. मायनं ताट खाली ठेवलं. मांगं पाह्यलं नाई.

दुसऱ्या साली मीच म्हटलं, "माय, यंदा मी बोलतो."

"कणीक नाई घरात."

कणीक होती. मीच भिजवली, पुऱ्या लाटल्या, ताट तिच्या हातात देल्लं. मंग तिनं हयूच इचारलं, जसं कोनी नाईच मांगं.

"मी आहो, माय!" मी वरडली.

भितीपलीकडून काकी म्हणे, "घ्या वं बाई, आता पोट्ट्या अतीत झाल्या!"

माय हासली. साल झालं होतं तिले हासून. "हयू बोल ना वं," म्हणे, "बहिरी नाई मी." आम्ही एकाच ताटात जेवलो.

उन्हायात माह्यं लगन झालं, जाम गावाकडं देल्लं. पोयाले सासरच्यानं धाडलं नाई. दिवायीले गेली तवा इचारलं, "माय, पिठोरी केलती का?"

"केलती."

"मंग?"

"इचारलं एक डाव. वाट पाह्यली. मंग उतरवलं ताट."

अन् उठून पाण्याले गेली. मी चुलीपाशी बसून राह्यली.