विमानाचा पोळा

आमच्या गावात प्रत्येकाची जमीन कुठं ना कुठं गेलेली आहे. कुणाची रस्त्यात गेली, कुणाची तळ्यात, पारावर बसणाऱ्या सांडूची तर भावकीच्या भांडणात. आमच्या शेजारच्या कारभारी तात्यांची मात्र विमानाच्या धावपट्टीत गेली, आणि तिथून त्यांच्या मागं जे लागलं ते सुटलं नाही.

झालं असं की शहरातल्या आप्पासाहेबांना, म्हणजे बियाण्याच्या कारखान्याच्या मालकांना, हवेत फिरायची हौस आली. त्यांनी दोन माणसांचं जुनं विमान घेतलं. ते उतरवायला लांब, सरळ, दगडगोटे नसलेला तुकडा पाहिजे. फुलंब्रीपासून आमच्या शिवारापर्यंत तसा तुकडा एकच, तात्यांचा. तात्या सहज द्यायला तयार झाले. पण पारावर चार लोकांसमोर नारळ हातात घेऊन त्यांनी अट घातली.

"मला ते चालवाया शिकवायचं. मागं बसून नाय, एकट्यानं."

आप्पासाहेब हसले आणि हो म्हणाले. नारळ फुटला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, त्यामुळं साक्षीदार भरपूर होते.

शिकवायला होते बन्सी सर. गुलमंडीतल्या कापड दुकानदाराचे धाकटे चिरंजीव. भावांनी जन्मभर कापड फाडलं, यांनी हवा. रविवारी आप्पासाहेबांचे पाहुणे येत. कुणी डॉक्टर, कुणी व्याही. एकेकाला शेजारी बसवून दौलताबादच्या किल्ल्यावरून एक फेरी, नाहीतर जायकवाडीच्या पाण्यापर्यंत जाऊन परत. खाली उतरलं की फोटो, मग जेवण. त्यातून वेळ उरला तर तात्यांची शिकवणी. पाहुण्यांचे व्याही जास्त झाले तर शिकवणी पुढच्या रविवारी.

तात्यांचा हात कासऱ्यावर घडलेला. विमान जरा डुललं की ते बैल आवरावा तसं सगळं अंगाकडं ओढत. सर म्हणत, "कारभारी, बैल नहीं है वो. खींचो मत, काटा देखो." समोर वेगाचा काटा. तो अमुक रेषेवर गेला की उचलायचं, उतरताना तमुक रेषेखाली येऊ द्यायचा नाही, नाहीतर विमान दगडासारखं खाली. तात्यांनी एवढं मात्र पक्कं धरलं. जगात दुसरं काही नाही, काटा आहे.

आता यात एक पायरी असते. शिकवणारा एके दिवशी अचानक दार उघडून खाली उतरतो, बाहेरून दार लावतो आणि म्हणतो, जा आता एकटा. त्या एका फेरीशिवाय माणूस शिकाऊच. तीन वर्षं झाली, सर काही उतरेनात. पारावर सांडू रोज विचारी, "तात्या, डायवर झालाव का आजून किलीनरच?" तात्या हसून पुढं जात. पण मी एकदा दुपारी त्यांना ओसरीतल्या बाजेवर पाहिलं. डोळे मिटलेले, दोन्ही पाय हवेत आळीपाळीनं दाबत होते, ओठ काहीतरी पुटपुटत होते. आवडामाय, म्हणजे त्यांची आई, मला म्हणाली की असं रोजचंच आहे, जेवणही आता मोजकं जातं.

मग श्रावणात बातमी आली. आप्पासाहेबांची हौस फिटली. विमान पुण्याच्या एकानं घेतलं, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्याची माणसं ते न्यायला येणार.

तात्या शहरात बंगल्यावर गेले. व्हरांड्यात बसवून चहा मिळाला. नारळाची आठवण दिली तर आप्पासाहेब म्हणाले की अरे, कितीदा तरी बसलास की तू. आल्यावर तात्या घरात गेले नाहीत. धावपट्टीवर गेले आणि पट्टीसाठी त्यांची विहीर बुजवली होती त्या जागी उभे राहिले. त्या डांबरातून आता कुसळसुद्धा येणार नव्हतं. म्हणजे रान गेलं ते गेलंच, आणि ज्यासाठी दिलं तेही दहा दिवसांत चाललं. मी जवळ गेलो तर एवढंच म्हणाले, "मी नुसताच मोकळा झालो रे."

बन्सी सरांना दया आली, की तीन वर्षांची लाज वाटली, कोण जाणे. त्यांनी निरोप धाडला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडताच या. आधी एक फेरी माझ्याबरोबर मारा, वारा शांत असला तर मी उतरतो.

मधे पोळा आला. रान गेल्यापासून तात्यांच्या दावणीला बैल नव्हता. तीन वर्षं आवडामायनं मातीच्या बैलांवर भागवलं होतं. यंदा ती हटून बसली. ज्याच्या जिवावर पोरगा उद्या उभा राहणार, त्याची पूजा करायची नाही म्हणजे काय? संध्याकाळी आम्ही तिघं पत्र्याच्या शेडमध्ये गेलो. तात्यांनी तिला एकच ताकीद दिली, पुढच्या पात्याजवळ जायचं नाही. मग त्यांनी एका पंखाचं मूळ हळद-लोण्यानं बैलाच्या खांद्यासारखं मळलं, चाकांना गेरू लावला. मी दोऱ्यानं झेंडूची माळ बांधत होतो.

आवडामाय पुरणपोळीचं ताट घेऊन दुसऱ्या पंखाखाली गेली. पूजा झाली की जनावराला घास भरवायचा असतो. पात्याजवळ जायचं नाही, मग तोंड कुठलं? त्या पंखाखाली पुढं रोखलेली करंगळीएवढी नळी असते. तिच्यात समोरून वारा शिरतो, आणि तो जितक्या जोरानं शिरेल तितका वेगाचा काटा चढतो. तिच्यावर लाल फितीची टोपी होती. आवडामायनं टोपी काढली, भोक दिसलं, चिमूटभर पुरण आत सारलं, हळदीचं बोट लावलं आणि टोपी होती तशी घातली. आम्ही दोघंही पलीकडं होतो.

सकाळी वाऱ्याचा पत्ता नव्हता. तात्या आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून आलेले. निघण्याआधी विमानाभोवती फिरून एकेक वस्तू तपासायची असते. नळीची टोपी काढून आत डोकावायचं असतं. तात्यांनी टोपी काढली, नळीला हळद दिसली, आणि आत डोकावायच्या ऐवजी त्यांनी बोट टेकवून कपाळाला लावलं. सरांनी विचारलं, सगळं पाहिलं? व्हय म्हणाले.

दोघं बसले. विमान धावलं, निम्म्या पट्टीपर्यंत गेलं आणि एकदम आवाज पडला. सरांनी थांबवलं होतं. काटा शून्यावरून हललाच नव्हता.

परत शेडपाशी आल्यावर तात्यांनी बाभळीचा काटा घेऊन नळीत घातला. पिवळा गोळा निघाला, त्याला दोन मुंग्या. त्यांना कळलं. मलाही कळलं.

सरांनी विचारलं, "ये क्या है?"

"कुंभारीण माशीनं घर केलं असंल, सर."

सरांनी गोळा नाकाशी नेला. "तुम्हारे यहां की कुंभारीण जायफल डालती है?"

सरांनी पुन्हा विचारलं नाही. ते म्हणाले की आत अजून अडकलंय, पण पुण्याचा मिस्त्री येतोच आहे, तो मागची नळी सोडवून दोन मिनिटांत साफ करील. त्यांचा वैमानिक ओळखीचा आहे, पंधरा मिनिटं मागून घेतो. तोवर हात लावू नका. आणि फोनला रेंज शोधत ते फाटकाकडं गेले.

पंधरा मिनिटं तो माणूस देईल की नाही, हे तात्यांना कुठं ठाऊक होतं? आजवर त्यांच्या वाट्याचा वेळ नेहमी कुणीतरी पाहुणाच खात आला होता. मला म्हणाले, आत बस, काटा हलला की सांग. फवारणीच्या पंपाचा नोझल तुंबला की आमच्याकडं सगळेच करतात तेच त्यांनी केलं. नळीला तोंड लावलं आणि पोटातून फुंकर मारली.

काटा हलला. सगळे आकडे ओलांडून सर्रकन पार पलीकडं गेला आणि तिथंच बसला. मी काचेवर टिचकी मारली, दोनदा मारली. परत आला नाही. नंतर सरांनी सांगितलं की त्या काट्याला वाऱ्याची सवय असते, माणसाच्या छातीची नसते.

दहाला गाडी आली. पोरगेलासा वैमानिक, सोबत मिस्त्री. वैमानिकानं काटा पाहिला आणि विचारलं, कोणी फुंकलं? तात्या म्हणाले, मी. सरांनी दोनदा त्याला बाजूला नेलं. त्यानं दोन्ही वेळा मान हलवली. या माणसानं आता विमानाला हात लावायचा नाही. जुनं विमान न्यायचं म्हणून मिस्त्रीनं सुटे काटे बरोबरच आणले होते. बारापर्यंत नवा बसला. आप्पासाहेब नारळ घेऊन निरोपाला आले. तात्या शेडच्या मागं जाऊन बसले.

मला म्हणाले, घरी जा, मायला माळवदावरून उतरव. सांग काय झालं ते.

मी गेलो. आवडामाय माळवदावर होती, सकाळपासून. वरून ओळखू यावी म्हणून ठेवणीतलं लाल लुगडं नेसली होती. मी तोंड उघडतोय तोच आवाज आला. विमान उठलं, गावावरून वळलं, आणि तिनं पदर दोन्ही हातांनी डोक्यावर धरून हलवला. खाली सांडूसुद्धा पारावर उभा राहिला. विमान लहान होत होत नैर्ऋत्येला गेलं.

"गेला गं माझा कारभारी," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "तू काय सांगत व्हतास?"

मी म्हणालो, काही नाही. खाली येऊन तात्यांना फोन लावला. बराच वेळ उचलला नाही. उचलल्यावर मी घडलं ते सांगितलं आणि म्हणालो, तुम्ही विमान पुण्याला पोचवायला गेलाय, एवढंच ध्यानात ठेवा. आणि लुगडं लाल आहे.

त्या दिवशी ते बन्सी सरांच्या भावाच्या दुकानात गुलमंडीला कापडाच्या ताग्यांना टेकून बसून राहिले म्हणे. दिवेलागणीला एसटीनं आले. एवढ्या वेळात पुण्याहून माणूस येत नाही, हे गावात सगळ्यांना कळत होतं. सांडूनं विचारलं, "पुन्यात पाऊस हाय का, तात्या?" तात्या म्हणाले, भुरभुर आहे. सांडूनं मान डोलावली आणि बिडी विझवली.

ओसरीत आवडामायनं त्यांचे हात हातात घेतले. "मी दिसले का रे वरून?"

"दिसली की. लाल लुगडं."

तिनं ताट वाढलं. कालची पोळी, वर तूप. शेजारी बसून ती हळूच म्हणाली, "तुला ठावं नाय, मी काल त्येला घास भरवला व्हता. त्या नळीतून. म्हणून तर सुखरूप नेलं त्यानं."

तात्यांचा हात ताटावर थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"व्हय, माय," ते म्हणाले, आणि पोळीचा तुकडा मोडला.